हिप्पोकॅम्पसची हद्द आखायची कोणी?

विसरभोळेपणा वाढला म्हणून बीड-हिंगोलीचा पेशंट एमआरआयसाठी लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो. रिपोर्टात येतं, ‘हिप्पोकॅम्पस आकसलेला’. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूतला भाग. किती, ते मोजायचं तर आधी त्याची हद्द ठरवावी लागते.

एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण 3 ते 4 हजार घनमिलीमीटरचा. जाणकाराने स्कॅनच्या प्रत्येक कापावर (मेंदूच्या एकेका चकतीच्या चित्रावर) हाताने रेघ मारणं ही जुनी, अजूनही मानाची पद्धत. पण पुढच्या टोकाला तो अमिग्डाला या भावनांशी निगडित भागाला चिकटतो, दोघांचा करडा रंग सारखाच. तिथं दोन जाणकारांच्या रेघा जुळत नाहीत. फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर मेंदूच्या नकाशातल्या शक्यतांवरून प्रत्येक व्हॉक्सेलला (स्कॅनमधल्या चिमुकल्या ठोकळ्याला) भागाचं नाव देतं, त्याला तासन्‌तास लागतात. ‘फर्स्ट’ हे दुसरं सॉफ्टवेअर हाताने आखलेल्या 336 मेंदूंवरून आकार शिकलं. मिनिटांत उरकतं, पण मेंदूतल्या पोकळ्या फार फुगल्या असतील तर चुकू शकतं. फास्टसर्फर आणखी वेगवान, मात्र शिकलं फ्रीसर्फरच्याच उत्तरांवरून. मग त्या दोघांचं जुळलं तर नवल कसलं?

दोन आखणींची तुलना बहुधा डाइस गुणांकाने होते: सामाईक भागाची दुप्पट भागिले दोन्ही आखणींची बेरीज. इथं फसगत होते. 40 व्हॉक्सेल बाजूचा घन एका व्हॉक्सेलने सरकला तर गुणांक 0.975, 4 बाजूचा घन तेवढाच सरकला तर 0.75. बांध हातभर सरकला तर एकराला फरक पडत नाही, गुंठ्याला पडतो, तसंच हे. म्हणून थॅलॅमस या मेंदूतल्या मोठ्या भागाचा गुणांक छोट्या अमिग्डालाच्या शेजारी ठेवून पद्धतीला नावं ठेवू नयेत. शिवाय दोन्ही उदाहरणांत आकारमान तसूभरही बदललं नाही!

पेशंटच्या दृष्टीने सातत्य जास्त मोलाचं. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण 4 ते 5 टक्के घटतो, निरोगी वृद्धांत दीड टक्क्याच्या आसपास. दरवेळी 10 टक्के जास्त मोजणारं सॉफ्टवेअर ही घट बरोबर दाखवेल. मधेच सॉफ्टवेअर किंवा मशीन बदललं तर आकडा वाचण्यात अर्थ नाही.

कापांची जाडीही बघावी. नेहमीच्या तपासणीत ती बऱ्याचदा 5 मिलीमीटर असते. चारेक सेंटीमीटर लांबीचा हिप्पोकॅम्पस जेमतेम आठ उभ्या कापांत येतो आणि कडेच्या व्हॉक्सेलमध्ये मेंदू नि भोवतालचं पाणी मिसळतं. सिंथसेग हे सॉफ्टवेअर असे स्कॅनही हाताळतं, पण न टिपलेला तपशील त्याला अंदाजानेच भरावा लागतो. तेव्हा 1 मिलीमीटरचा थ्रीडी टी-वन (मेंदूची रचना स्पष्ट दाखवणारा) स्कॅन आधीच सांगून घ्यावा आणि फिल्मसोबत डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल) फाइलींची सीडी मागावी. नुसत्या फिल्मवरून ही मोजणी होत नाही.