‘जर्मनीत निम्मा पगार करात जातो’: खुलासा

अमेरिकेत कर कमी, जर्मनीत मात्र निम्मा पगार सरकार नेतं, असं परदेशी नोकरी शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. यात हिशेबाचीच चूक आहे.

जर्मन पगारपत्रकात प्राप्तिकराखेरीज पेन्शन, बेकारी, शुश्रूषा आणि आरोग्य विम्याची वर्गणी कापली जाते. लोक ती सगळी करात मोजतात. प्राप्तिकराचा 42 टक्क्यांचा दर 2025 मध्ये सुमारे 68,500 युरोंच्या वरच्या करपात्र उत्पन्नावर होता, आणि तोही फक्त वरच्या रकमेवर. सरकारी आरोग्य विम्याचा मूळ दर 14.6 टक्के, त्यातला निम्मा मालक भरतो; वरची जादा वर्गणीही निम्मी-निम्मी. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्यातच येतात. रुग्णालयात स्वतःच्या खिशातून दिवसाला 10 युरो, वर्षात फार तर 28 दिवस.

अमेरिकेत विम्याचा हप्ता कराच्या रकान्यात नसतो, म्हणून तुलनेतून गळतो. 2024 मध्ये नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला 25,572 डॉलर होता. पैकी 6,296 कर्मचाऱ्याच्या पगारातून. वर डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि नंतरच्या बिलातला वाटा. या खर्चाची कमाल मर्यादा 2025 साठी कुटुंबाला 18,400 डॉलर होती, पण नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या डॉक्टरचं बिल सहसा तीत धरत नाहीत. भल्याभल्यांचा हिशेब इथेच कोसळतो.

म्हणून एकूण पगारातून कर, वर्गण्या, हप्ता वजा करा; मग एक निरोगी वर्ष आणि एक शस्त्रक्रियेचं वर्ष वेगवेगळं मांडा. एकट्या, तरुण, भरपूर पगाराच्या माणसाच्या हाती अमेरिकेत बहुधा जास्तच उरेल. दोन मुलं आणि एकच कमाई असेल, तर दोन्ही आकडे मांडल्याशिवाय सही करू नका.