वाढीपलीकडचं राजकारण: आधी थांबायचं कोणी?

जीडीपीच्या वाढीला मराठी वर्तमानपत्रं ‘विकासदर’ म्हणतात. त्यामुळे ‘वाढ पुरे’ असं कोणी म्हटलं, की आपल्याला ‘विकास नको’ असं ऐकू येतं. आंतरराष्ट्रीय बैठकांतही हाच घोळ गेली पन्नासेक वर्षं चालू आहे, आणि तिथे तो पुष्कळांच्या सोयीचा आहे.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून लोकांचं भलं-बुरं ठरवू नका, असं राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी सिनेटला बजावलं होतं. तरीही १९६१ मध्ये ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने दहा वर्षांत एकत्रित उत्पादन ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी गरीब देशांसाठी वार्षिक ५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं.

ठिणगी पडली १९७२ मध्ये. युरोपीय आयोगाचे शेतीखात्याचे आयुक्त सिको मानशोल्ट यांनी फेब्रुवारीत आयोगाच्या अध्यक्षांना पत्र लिहून श्रीमंत युरोपने भौतिक उपभोग कमी करावा असं सुचवलं. युरोपच्या शेतीचं उत्पादन वाढवणारं धोरण उभं करणारा हाच माणूस! पुढच्याच महिन्यात ते स्वतः अध्यक्ष झाले. पत्र चव्हाट्यावर आणलं ते फ्रेंच कम्युनिस्ट नेते जॉर्ज मार्शे यांनी: कामगारांचं राहणीमान खाली आणायचा हा डाव आहे, म्हणून. पहिला मार असा डावीकडून बसला.

दुसरा दक्षिणेकडून, म्हणजे गरीब देशांकडून. जूनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी विचारलं, दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का? आजही हे वाक्य सुटं उद्धृत होतं. आजचे कित्येक प्रगत देश इतर देशांवर सत्ता गाजवून श्रीमंत झाले, हा त्याच भाषणातला मुद्दा मात्र गाळला जातो. मागणी वाढ थांबवण्याची नव्हतीच; वाटणीची होती. १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेच्या ठरावात ती उघडपणे मांडली गेली, पण कर्जसंकटाच्या ऐंशीच्या दशकात मागे पडली. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व विकास आयोगाच्या ब्रुंटलँड अहवालाने ‘शाश्वत विकास’ हा तोडगा काढला: वाढ चालू ठेवा, तिची जात बदला.

अडचण हिशेबातही आहे. युरोपीय संघात सरकारी तुटीची मर्यादा जीडीपीच्या ३ टक्के, कर्जाची ६०. समजा उत्पादन १००, कर्ज ६० आणि वर्षाची तूट ३. कर्ज ६३ होतं. चालू किमतींनी (म्हणजे महागाई धरून) उत्पादन १०५ झालं तर प्रमाण ६० वरच राहतं. १०० वर अडलं तर ६३. म्हणजे वाढ नको म्हणणाऱ्या अर्थमंत्र्याला आधी कर्जाचे नियम बदलून घ्यावे लागतात. गरीब देशाची कोंडी आणखी वेगळी. त्याचं परदेशी कर्ज बहुतांशी डॉलरमध्ये, आणि डॉलर मिळतात निर्यातीतून. श्रीमंतांनी खरेदी आवरली आणि कर्ज मात्र तसंच ठेवलं, तर फास याच्याच गळ्याला. म्हणूनच कर्जमाफीविना उपभोगकपातीची भाषा दक्षिणेत संशयाने ऐकली जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ही ओढाताण शब्दशः दिसते. लक्ष्य ८.१ अतिअविकसित देशांसाठी किमान ७ टक्के वाढ मागतं, तर १७.१९ जीडीपीला ‘पूरक’ मोजमापं. स्कॉटलंड, आइसलँड आणि न्यूझीलंड यांनी २०१८ मध्ये कल्याणकेंद्री सरकारांचा गट काढला. संस्थापकांत मोठी अर्थव्यवस्था एकही नव्हती. २०२४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या भविष्यविषयक करारात ‘जीडीपीपलीकडे’ हे शब्द आले खरे, पण त्यांच्या आधी ‘पूरक’ आहेच.