पिंगच्यांगचा नकाशा: दगड एक, ठसे अनेक

चीनमधल्या सूचौ शहराचा १२२९ सालचा नकाशा दगडावर कोरलेला आहे. त्या वेळी शहराचं नाव होतं पिंगच्यांग. शिळा सुमारे २.८ मीटर उंच आणि १.४ मीटर रुंद असून ती सूचौच्या जुन्या कन्फ्यूशियस मंदिरात आहे. पुस्तकांत आपण पाहतो ते काळ्यावर पांढऱ्या रेघांचं चित्र म्हणजे या शिळेचा कागदी ठसा.

तो ठसा कधीचा, हे आधी पाहावं. झिजलेल्या रेघा १९१७ मध्ये पुन्हा खोल कोरल्या गेल्या. त्यानंतरचे ठसे ठळक, छापायला सोयीचे. पण कोरणाऱ्याला पुसट रेघ जशी दिसली तशीच ती त्यात उतरली. एखाद्या पुलाच्या नावावरून वाद असेल, तर आधीचा ठसा कितीही फिकट असला तरी पहिल्यांदा तोच पाहावा.

ठसा घेण्याची रीत आपल्याकडचे शिलालेख अभ्यासक वापरतात तशीच. दगड धुऊन घ्यायचा, त्यावर पातळ, चिवट कागद ओला करून बसवायचा. चीनमध्ये त्या पाण्यात एका ऑर्किडच्या कंदाचा चिकट रस घालतात, त्यामुळे कागद धरून राहतो. मग ब्रशने ठोकून कागद खाचांत उतरवायचा आणि थांबायचं. सगळी मेख या थांबण्यात आहे. कागद फार ओला असताना शाई लावली तर ती खाचांत पसरते आणि अक्षरं भरून जातात. पूर्ण वाळला तर कागद दगडापासून सुटतो आणि रेघा दुहेरी उमटतात. अर्धवट सुकल्यावर कापडाच्या बोळ्याने शाई हलकेच टिपत न्यायची, घासायची नाही. शाई कागदाच्या बाहेरच्या बाजूलाच लावली जात असल्यामुळे अक्षरं उलटी येत नाहीत.

ओला कागद ताणला जातो आणि वाळताना आकसतो. म्हणून ठशावर पट्टी ठेवून अंतर मोजायचं असेल, तर त्या ठशाची लांबी-रुंदी शिळेशी ताडून घ्यावी. एका दिशेचा फरक दुसऱ्या दिशेला लावू नये.

तटबंदीच्या आतलं शहर उत्तर-दक्षिण सुमारे साडेचार किलोमीटर. ते दोन मीटरहून कमी उंचीत बसवलंय, म्हणजे प्रमाण साधारण १:२५००. मोजायला आजही जागेवर असलेल्या खुणा घ्याव्यात: नैर्ऋत्येची पान वेस, उत्तरेचा पैशी पॅगोडा, पूर्वेचे जुळे पॅगोडे. मधोमध असलेलं शासकीय आवार मात्र मापाला वापरू नये. राज्यकर्त्यांचा वाडा जरा ऐसपैस काढला गेला आहे!

रस्ते आणि कालवे वरून पाहिल्यासारखे, इमारती आणि वेशींवरचे मनोरे समोरून पाहिल्यासारखे, अशी ही मिश्र पद्धत. कालवे जवळपास प्रत्येक रस्त्याच्या सोबतीने धावतात, त्यावर तीनशेहून जास्त पूल. ११३० मध्ये उत्तरेकडच्या चिन राजवटीच्या सैन्याने शहर जाळलं होतं. शिळेवर दिसतं ते नव्याने उभं राहिलेलं शहर.

तटाबाहेर पडलात की पट्टी खाली ठेवा. तिथल्या टेकड्या उरलेल्या जागेत कोंबल्या आहेत. वायव्येची व्याघ्र टेकडी वेशीपासून तीनेक किलोमीटर दूर असूनही तटाला खेटूनच दिसते. तिची दिशा बरोबर आहे, अंतर नाही.