ऑटो लावला म्हणून मोटर जळत नाही भाऊ

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याकडं कुठंबी जा, विहिरीवरची मोटर जळाली की पहिलं वाक्य हेच, "ऑटो (लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच) लावला होता ना, म्हणून जळाली." मग ऑटो काढून फेकतात आणि रात्री २ ला लाईट आली की केळीच्या बागेतून अंधारात विहिरीवर जातात, साप-विंचवाचा विचार न करता. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आधी स्टार्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करायची पेटी, समजून घ्या. हिरवं बटन दाबलं की आतल्या कॉईलला करंट मिळतो, ती लोहचुंबक बनते, पट्ट्या ओढून धरते आणि मोटर चालू होते, लाईट गेली की चुंबकपणा जातो, स्प्रिंग पट्ट्या सोडवते आणि मोटर बंद. लाईट परत आली तरी ती आपोआप चालू होत नाही, ते बटन तुमच्याऐवजी ऑटो दाबतो, बस एवढंच त्याचं काम.

मोटर जळते ती तीन फेजपैकी (करंटच्या तीन तारांपैकी) एक फेज गेल्यावर दोनच फेजवर चालत राहिली म्हणून, व्होल्टेज पडलं म्हणून, नाहीतर रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी त्याचा आकडा वाढवून ठेवला म्हणून. हे शेवटचं तर लई ठिकाणी पाहिलंय. एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर लावा, रिले मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरप्रमाणेच ठेवा.

हां, ऑटोमुळं डीपीला (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरला) त्रास होतो म्हणतात, तो मुद्दा मात्र खरा आहे. सुरू होताना मोटर नेहमीच्या ५-६ पट करंट ओढते, आणि लाईट येताच सगळ्या शिवाराचे ऑटो एकदम दाबले गेले तर डीपीवर ताण येतो. त्यासाठी लाईट आल्यावर थोडं थांबून बटन दाबणारा टायमरवाला ऑटो घ्या, शेजाऱ्याशी बोलून प्रत्येकानं वेगवेगळी मिनिटं लावा.