हेल्मेट (दुचाकीवरचं)

मोटरसायकल किंवा स्कूटर चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही डोकं वाचवायला घालायचं कडक कवचाचं टोप म्हणजे हेल्मेट. मुंबईत ते बऱ्याचदा आरशाला लटकवलेलं नाहीतर कोपरात अडकवलेलं दिसतं आणि बघून खरंच पोटात गोळा येतो. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, इथंच तर जायचंय, आणि ट्रॅफिकमध्ये स्पीड असतोच कुठे.

इथेच सगळी गडबड आहे. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतं, तिथून ते नुसतं खाली आलं, म्हणजे गाडी सिग्नलला उभी आहे आणि तुम्ही आडवे झालात, तरी रस्त्याला लागताना डोक्याचा वेग ताशी 19-20 किलोमीटर झालेला असतो. गाडी किती स्पीडने चालली होती हा हिशोब त्यात धरलेलाच नाही. आणि हा सगळा वेग संपतो कातडीच्या जाडीएवढ्या जागेत, दोन-चार मिलिमीटरमध्ये. कवटी थांबते पण आत सव्वा-दीड किलोचा मऊ मेंदू पुढे जातच राहतो, हाडावर आपटतो, रक्तवाहिन्या फाटतात. बाहेर कधीकधी रक्ताचा थेंब नसतो. माणूस उठतो, कपडे झटकतो, घरी जाऊन चहा पितो, आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो कारण आत रक्त साचत गेलेलं असतं. म्हणून डोक्याला मार लागल्यावर 'काही नाही झालं' म्हणून झोपून जाऊ नये, आधी डॉक्टरकडे जावं.

हेल्मेटचं खरं काम वरचं चकचकीत कवच एकटं करत नाही. कवच मार एका जागी न ठेवता पसरवतं, पण धक्का खातो तो आतला थर्माकोल. तो चेपतो, आणि डोकं दोन मिलिमीटरऐवजी दोन सेंटीमीटरमध्ये थांबलं तर सरासरी जोर दहा पटीने कमी होतो, एवढं साधं गणित आहे. पण एकदा चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही. मी एका पावसाळ्यात भांडुपला ओल्या पेव्हर ब्लॉकवर स्कूटरसकट घसरलो, रिक्षाच्या मागे होतो, स्पीड वीस-पंचवीस पण नसेल. हेल्मेटला बाहेरून कानाजवळ फक्त एक ओरखडा होता. घरी आतलं कापड काढून बघितलं तर थर्माकोलमध्ये अंगठा बसेल एवढा खड्डा आणि तिथून निघालेली केसासारखी चीर, बरोबर कानशिलाच्या जागी. दिसायला चांगलं होतं तरी ते हेल्मेट परत घातलं नाही, कोणाला दिलंही नाही.

डोक्याला मार लागून दगावणारे मोटरसायकलवाले हा विषय डॉक्टरांनी मनावर घेतला तो लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पहिल्या महायुद्धात गाजलेल्या ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्सच्या मृत्यूनंतर. मे 1935 मध्ये इंग्लंडात तो मोटरसायकलवरून पडला, हेल्मेट नव्हतं, सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स यांनी पुढे लष्करातल्या मोटरसायकलस्वारांचा अभ्यास करून 1941 मध्ये हेल्मेटच्या बाजूने निबंध लिहिला. नंतर बरेच अभ्यास झाले, 2008 च्या एका मोठ्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्के कमी होतो असं निघालं. भारतात 2022 या एका वर्षात हेल्मेट न घातलेले 50,029 जण रस्ते अपघातात दगावले, त्यातले 14 हजारांहून जास्त मागे बसलेले होते.

कायदा 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 129, चालवणारा आणि डबल सीट दोघांनाही लागू, पगडी घालणाऱ्या शिखांना सूट. मुंबईत मागे बसणाऱ्यांवर जून 2022 पासून कारवाई सुरू झाली. 1 जून 2021 पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी फुटपाथवर वाटीसारखी टोपी मिळतेच, तिच्यात नुसतं प्लास्टिक आणि पातळ स्पंज असतो, थर्माकोल नसतोच. ती चलन वाचवेल, डोकं नाही.

पट्ट्याबद्दल तर हात जोडून सांगावंसं वाटतं. क्लिप न लावलेलं हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडून जातं आणि डोकं नंतर एकटं आपटतं. पट्टा आणि हनुवटीच्या मध्ये दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवायचा. नवं हेल्मेट गालाला जरा घट्टच लागलं पाहिजे, फोम थोड्या दिवसांत बसतो. मुंबईचा घाम ही खरी अडचण आहे, नाही कोण म्हणतंय, त्यासाठी आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल घाला आणि निघणारं अस्तर असलेलं हेल्मेट घ्या म्हणजे आठवड्याला धुता येतं. काळी काच रात्री नको, पावसात तर अजिबात नको.

आणि कोणी पडलेलं दिसलं तर गर्दीतला पहिला माणूस हेल्मेट खेचून काढायला धावतो, ते करू नका, मान मोडलेली असू शकते. श्वास नीट चालू असेल तर काच वर करा आणि 108 ची ॲम्ब्युलन्स येईपर्यंत डोकं हलू देऊ नका. काढावंच लागलं तर दोघं लागतात, एकाने खालून मान आणि जबडा घट्ट धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून दोन्ही बाजूंनी जरा फाकवत हळूहळू सरळ ओढायचं.