दोन मीटर आणि वीस हजार किलोमीटर

"वरून उपग्रह बघतो, आपण कुठे उभे आहोत ते ओळखतो आणि कॅमेऱ्याला कळवतो." सप्टेंबरात कासच्या पठाराकडे जाताना एका टपरीवर माझ्या मित्राने हे इतक्या ठामपणे सांगितलं की चहा गाळणाऱ्या काकांनीही मान डोलावली. मित्राच्या गळ्यात लायका कंपनीचा एम टाइप २४० कॅमेरा होता. सेकंडहँड घेतलेला, पण पोटच्या पोरासारखा जपलेला. कॅमेऱ्याचं तळाचं झाकण काढून तिथे त्याने जीपीएसवाली ग्रिप बसवली होती. हाताला धरायला मूठ, आणि आत जीपीएसचा रिसीव्हर. फोटो काढला की त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवले जातात.

मित्राच्या वाक्यात तीन क्रियापदं आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. जीपीएसचा उपग्रह बघत नाही, ओळखत नाही आणि कुणाला काही कळवत तर मुळीच नाही. आपण अस्तित्वात आहोत याचाही त्याला पत्ता नसतो. तो फक्त दोन गोष्टी अखंड सांगत राहतो: माझ्या घड्याळात आत्ता किती वाजले, आणि मी स्वतः कुठे आहे. ऐकणारे एक असोत की काही अब्ज, त्याला फरक पडत नाही. आकाशवाणीला तरी कुठे माहीत असतं, कुणाच्या घरी रेडिओ लागलाय? 'लोकेशन चालू ठेवू नका, उपग्रह पाळत ठेवतो' असा मेसेज अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरतो. पाळत ठेवायचीच असेल तर ती फोनमधली ॲप ठेवतात, इंटरनेटवरून. त्यात उपग्रहाचा काही हात नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या कॅमेऱ्यात अंतर मोजायची दोन यंत्रं होती. एक टपरीवाल्या काकांचं अंतर मोजत होतं, दुसरं वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांचं. दोघांमध्ये पन्नासएक वर्षांचं अंतर आहे, आणि तरी दोघांची युक्ती एकच आहे.

आधी जुनं यंत्र घेऊ. रेंजफाइंडर म्हणजे शब्दशः अंतर शोधणारा. लायकाने तो कॅमेऱ्यातच बसवून लेन्सला जोडला १९३२ साली. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून आपण थेट बघतो. दुसरीतून आलेली प्रतिमा आरशा-लोलकांतून फिरून त्याच चित्राच्या मध्यभागी एका फिकट चौकोनात उमटते. त्यामुळे चौकोनात काका दोन दिसतात, एकमेकांपासून जरा सरकलेले. लेन्सची रिंग फिरवली की मागची छोटी चाकी सरकते, तिच्यासोबत आतली काच हलते आणि दुसरे काका पहिल्या काकांकडे सरकू लागतात. दोघे एकमेकांवर चपखल बसले की फोकस झाला.

या एम मालिकेच्या कॅमेऱ्यात दोन खिडक्यांमधलं अंतर ६९.२५ मिलिमीटर आहे. काका दोन मीटरवर असतील तर दोन खिडक्यांतून त्यांच्याकडे जाणाऱ्या रेषांमध्ये जवळपास २ अंशांचा कोन होतो. दहा मीटरवर गेले की तो ०.४ अंश. शाळेतला त्रिकोण, बाकी काही नाही: पाया माहीत आहे, कोन माहीत आहे, उंची काढा. मात्र लांबच्या वस्तूला ही पट्टी गंडते. ५० मीटर आणि ६० मीटर या दोन अंतरांच्या कोनांत फरक पडतो अंशाच्या पंचाहत्तराव्या भागाएवढा. चांगल्या डोळ्याला साधारण अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा बारकावा दिसतो, म्हणजे इथे यंत्र हात टेकतं. फोटोत ते खपून जातं, कारण तेवढ्या लांबचं सगळं लेन्सला जवळजवळ सारखंच.

लांबचं मोजायचं तर पाया लांब हवा. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पहिला पाया आखला तो सुमारे १२ किलोमीटरचा, आणि कोन मोजायला अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट. त्रिकोणाला त्रिकोण जोडत हा माणूस दक्षिणेकडून वर सरकत राहिला आणि जानेवारी १८२३ मध्ये काम चालू असतानाच आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. मित्राच्या गळ्यातलं यंत्र त्याच घराण्यातलं. पाया फक्त सात सेंटिमीटरवर आलाय.

आता ग्रिपकडे वळू. इथे कोन नाही, वेळ मोजायची आहे. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने येते, म्हणजे उपग्रह थेट डोक्यावर असेल तर तिला ६७ मिलिसेकंद लागतात. निघाली कधी आणि पोचली कधी हे कळलं की वजाबाकी करा, वेगाने गुणा, झालं अंतर. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की आलेला संदेश ऐकूच येत नाही.

खरंच ऐकू येत नाही. उपग्रहाच्या प्रक्षेपकाची ताकद घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या तोडीची. तो बल्ब वीस हजार किलोमीटरवर. ग्रिपमधल्या अँटेनाशी पोचते ती शक्ती म्हणजे एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक तुकडा. रिसीव्हरच्या स्वतःच्या उष्णतेमुळे होणारी खरखर याच्या सुमारे शंभरपट मोठी असते. शंभर माणसं ओरडत असताना एकाची कुजबुज ऐकायची, असा हा मामला.

यावर जो तोडगा काढलाय तो मला अख्ख्या जीपीएसमधला सर्वांत देखणा भाग वाटतो. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर उभे राहा. पाच पथकं एकदम वाजतायत, कशाचा कशाला मेळ नाही. पण त्यातल्या एका पथकाचा ठेका तुम्हाला पाठ आहे. तो मनात धरून मांडीवर वाजवायला लागा. सुरुवातीला जुळणार नाही. थोडा मागे न्या, थोडा पुढे न्या. एका क्षणी तुमची थाप आणि त्या ढोलाची थाप एकत्र पडते आणि बाकी गोंगाटातून तेवढा ठेका लख्ख वर येतो. तो काही मोठा झालेला नसतो. तुम्ही त्याच्याशी जुळलेले असता.

वहीवर करून पाहा. हा सात थापांचा ठेका घ्या:

+ + + − − + −

त्याखाली तोच ठेका नीट जुळवून लिहा आणि वरखालच्या चिन्हांचा गुणाकार करा. सात वेळा अधिक. बेरीज ७. आता खालची ओळ एक घर उजवीकडे सरकवा, शेवटचं चिन्ह सुरुवातीला आणा:

− + + + − − +

पुन्हा गुणा. वजा, अधिक, अधिक, वजा, अधिक, वजा, वजा. बेरीज −१. दोन घरं सरकवा, तीन सरकवा, दरवेळी −१ च. जुळलं तर सात, नाहीतर जवळपास शून्य. अधलंमधलं काही नाही.

जीपीएसच्या प्रत्येक उपग्रहाला असा स्वतःचा ठेका दिलेला आहे, १,०२३ थापांचा. तो एका मिलिसेकंदात संपतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. ग्रिपमधल्या चिपला सगळ्या उपग्रहांचे ठेके पाठ असतात. ती स्वतःची प्रत सरकवत राहते. जुळली तर बेरीज १,०२३, न जुळली तर ६५ च्या पुढे जात नाही, आणि दुसऱ्याच उपग्रहाचा ठेका असला तरी तेच. खरखरीला ठेकाच नसल्यामुळे तिचे अधिक-वजा आपसांत मिटून जातात. म्हणून सगळे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर एकाच वेळी बोलतात, तरी गोंधळ होत नाही.

आणि प्रत किती सरकवावी लागली, तीच तर वेळ! एका थापेच्या वेळात लहर साधारण २९३ मीटर जाते. चिप थापेच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवू शकते, म्हणजे तीनेक मीटर. त्यासाठी ती एक प्रत किंचित लवकर आणि एक किंचित उशिरा अशी लावते आणि दोन्ही बेरजा सारख्या येईपर्यंत सरकवते. पूर्ण आवर्तनं किती झाली हे संदेशातल्या वेळेवरून कळतं. शिवाय उपग्रह सेकंदाला जवळपास चार किलोमीटर वेगाने धावतो, त्यामुळे वारंवारताही पाच किलोहर्ट्झपर्यंत वरखाली होते. म्हणून ठेका शोधताना सुमारे वीस वेगवेगळ्या वारंवारता, प्रत्येकीत अर्ध्या-अर्ध्या थापेने २,०४६ जागा आणि ३२ उपग्रह, असे तेरा लाखांहून अधिक कप्पे धुंडाळावे लागतात. (इथवर टिकलात तर एक कटिंग माझ्याकडून.)

आता त्या फिकट चौकोनातले दोन काका आठवा. एक प्रतिमा स्थिर, दुसरी सरकवायची, चपखल बसली की थांबायचं आणि किती सरकवली त्यावरून अंतर काढायचं. चिप नेमकं हेच करते. फक्त सरकवायचं ते अवकाशात नाही, काळात. उंच इमारतींच्या गल्लीत जीपीएस भरकटतो तेव्हाही गंमत तीच असते: भिंतीवर आपटून आलेली लहर उशिरा पोचते, म्हणजे दुसरे काका दिसू लागतात, आणि कुठल्या काकांवर प्रत बसवायची हे चिपला नीट कळत नाही.

चार उपग्रह का लागतात? लांबी, रुंदी, उंची या तीन अज्ञात राशी. चौथी राशी म्हणजे ग्रिपमधलं घड्याळ. उपग्रहात अणुघड्याळ असतं, आपल्याकडे साधा क्वार्ट्झ. तो एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाने चुकला तर अंतर ३०० मीटरने चुकतं. चार अज्ञात, चार समीकरणं. त्यामुळे जागा काढता काढता ग्रिपचं घड्याळही फुकटात अणुघड्याळाला लावून मिळतं. (आइन्स्टाइनमुळे वरची घड्याळं खालच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, तीही दुरुस्ती आधीच केलेली असते. पण तो वेगळा लेख आहे.)

त्या दिवशी मित्राने कॅमेरा सुरू केला, काकांवर फोकस केला आणि तीन सेकंदांत फोटो काढला. फोटोत जागेची नोंद आलीच नाही. "बघ, उपग्रह झोपलाय." उपग्रह झोपला नव्हता, याला घाई झाली होती. उपग्रह आपली कक्षा सांगतो ती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने, आणि तेवढं सांगायला त्याला अर्धा मिनिट लागतं. आपण मध्येच हाताने अँटेना झाकली किंवा पत्र्याखाली गेलो तर पुन्हा पहिल्यापासून. फोनला हे जाणवत नाही, कारण तो कक्षेची माहिती इंटरनेटवरून आधीच ओढून घेतो. या कॅमेऱ्यात सिम कार्ड नाही. त्याने सगळं आकाशातूनच ऐकायचं. म्हणून उघड्यावर येऊन कॅमेरा सुरू करा, मिनिटभर इकडेतिकडे बघा, मग कामाला लागा.

आणखी एक. फोटोच्या माहितीत अक्षांश सहा दशांशांपर्यंत दिसले की माणसं हरखतात. सहावा दशांश म्हणजे ११ सेंटिमीटर. मोकळ्या आकाशाखाली अशा रिसीव्हरची खरी चूक पाचेक मीटर. पुढचे आकडे नुसती शोभा. हल्ली कुंडलीच्या ॲपमध्ये जन्मस्थळाचे अक्षांश-रेखांश आठ दशांशांपर्यंत भरून घेतात. आठवा दशांश म्हणजे एक मिलिमीटर! बाळ कुठल्या खाटेवर जन्मलं इतकंच नाही, उशीच्या कुठल्या टाक्यावर डोकं होतं तेही ग्रहांना कळावं अशी सोय. आणि जन्मवेळ मात्र नर्सबाईंनी भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिलेली.

चहा संपवून आम्ही वर गेलो. वाटेच्या कडेलाच गवतात मित्राला कंदीलपुष्प दिसलं. जवळ जाऊन बघतो तर चौकोनातली दोन फुलं काही केल्या एक होईनात; या रेंजफाइंडरची जुळणी ७० सेंटिमीटरला संपते. मग तो वाटेवरच एक पाऊल मागे सरकला, फुलं जुळली, फोटो निघाला. एव्हाना ग्रिप चांगली अर्धा तास आकाश ऐकत होती, त्यामुळे या वेळी अक्षांश-रेखांश व्यवस्थित आले. संध्याकाळी ग्रुपवर टाकण्याआधी त्याने मला विचारलं, "लोकेशन ठेवू?" मी काढायला लावलं. कंदीलपुष्पाचा कंद खणून नेणारे कमी नाहीत, आणि पाच मीटरच्या वर्तुळात ते फूल शोधायला कुणाला पाच मिनिटंही लागली नसती.