चेहरा आम्हाला पाठ आहे, आता पाठ दाखवा

शेक्सपिअरच्या अर्धपुतळ्याचा फोटो पाठवून ‘हा किती जुना, आणि खरा आहे का?’ असं विचारणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. फोटो छानच असतात. गालावर खिडकीतला उजेड, मागे पुस्तकांची रांग, चकाकणारं टक्कल. पण त्यावरून आम्हाला जवळजवळ काहीच सांगता येत नाही. मग आम्ही कळवतो की पाठीचा आणि बुडाचा फोटो हवा. तो यायला आठवडा जातो. आल्यावर बघावं तर बुडाला हिरवं फेल्ट (जाड लोकरी कापड) चिकटवलेलं. मग नगच घेऊन या म्हटलं की आणखी एक आठवडा. एका उत्तराला महिना लागतो तो असा, आणि उशिराचा बोल मात्र आमच्या माथी.

आधी त्या ‘खरा’ शब्दाबद्दल. शेक्सपिअर 1616 साली वारला. त्याला समोर बसवून घडवलेला एकही पुतळा ज्ञात नाही. त्याच्या गावच्या, स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या भिंतीतला, हाती पिसाची लेखणी धरलेला अर्धपुतळा सगळ्यात जुना; तोसुद्धा मृत्यूनंतरच, पण 1623 च्या आत बसवलेला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधला, शिल्पकार शेमाकर्सचा पूर्णाकृती पुतळा 1741 चा, म्हणजे मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी आलेला. अभिनेता गॅरिकने शिल्पकार रूबियाककडून करवून घेतलेला 1758 चा. शिवाय मातीचा ‘डॅव्हनंट’ अर्धपुतळा आहे. तो 1845 मध्ये लंडनमधल्या एका जुन्या नाट्यगृहाच्या भिंतीत सापडला, तेव्हा त्या इमारतीत चिनी मातीच्या भांड्यांचं गोदाम होतं. आज तो लंडनच्या गॅरिक क्लबमध्ये आहे. बाजारात फिरणारे बहुतेक नग याच तीन-चार घराण्यांतले. तुमच्या नगाची मान कुठे वळलीय, दाढी टोकदार आहे की गोल, अंगात बटणांचा कोट आहे की खांद्यावर झगा, यावरून घराणं सांगायला आम्हाला मिनिटभर पुरतं. एवढंच हवं असेल तर तुमच्या त्या सुंदर फोटोवर भागेल.

पण तुम्ही विचारता वय. चेहरा साच्यातून येतो आणि साचा पिढ्यान् पिढ्या चालतो. स्ट्रॅटफर्डच्या पुतळ्याचा साचा 1814 मध्ये घेतला गेला, त्यानंतर त्या चेहऱ्याच्या प्रतींच्या प्रती निघत राहिल्या. 1864 ला जन्माची 300 वर्षं झाली तेव्हा आठवणवस्तूंची लाट आली, 1964 ला पुन्हा. त्या दोन वर्षांतले दोन नग चेहऱ्याने जुळे दिसू शकतात. त्यांच्यातला फरक पाठीवर, पोकळीत आणि बुडाला राहतो, कारण कारागिराने तिथे सजावट केलेली नसते.

तिथे आम्ही काय बघतो ते सांगतो, म्हणजे फोटो मागण्यामागे आमचा हटवादीपणा नाही हे पटेल. चिनी मातीच्या आणि पॅरियनच्या नगांवर (पॅरियन म्हणजे संगमरवराचा भास देणारी, झिलई नसलेली पोर्सेलीन, ती 1840 च्या दशकात निघाली) खांद्याच्या मागे किंवा बैठकीच्या कडेला दाबून उमटवलेला ठसा असतो. ठशात ‘इंग्लंड’ शब्द असेल तर नग सहसा 1891 नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेच्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. चौकटीच्या एक्क्यासारखी खूण असेल तर नमुन्याची नोंदणी 1842 ते 1883 च्या दरम्यानची. काळ्या बसॉल्टच्या (म्हणजे दगडासारख्या कठीण भाजलेल्या काळ्या मातीच्या) नगावर इंग्लिश कारखानदार वेजवूडबरोबर त्याचा भागीदार बेंटली याचंही नाव आलं, तर तो 1780 पर्यंतचा असण्याची शक्यता. असं काही दिसलं तर फोटोची वाट बघत बसू नका, फोनच करा.

इथे एक फसगत वारंवार होते. पाठीवर तारीख कोरलेली सापडते आणि ग्राहक खूश होतात: ‘1850 चा आहे, लिहिलंय की!’ इंग्लंडच्या 1814 च्या शिल्पहक्क कायद्याप्रमाणे हक्क राखायचा तर नाव आणि तारीख घालावी लागे. ती तारीख नमुना पहिल्यांदा प्रसिद्ध झाला त्या दिवसाची. तुमचा नग त्यानंतर वीस वर्षांनी त्याच साच्यातून निघालेला असू शकतो, आणि तारीख तीच राहते. म्हणून आम्ही तारखेबरोबर शिवणही बघतो. साच्याचे तुकडे जुळतात तिथे रेघ उठते. चांगल्या कारखान्यात ती घासून काढत, घाईच्या मालात कानामागे तशीच राहून जाते.

धातूच्या नगाला चुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे ब्रॉंझ’ असं कळवणारेही पुष्कळ आहेत. चुंबक जस्तालाही चिकटत नाही, आणि ब्रॉंझचा मुलामा दिलेले जस्ताचे नग बाजारात भरपूर आहेत. बुडाच्या आतल्या कडेला जुना ओरखडा शोधा. पिवळसर असेल तर ब्रॉंझ, राखाडी-चंदेरी असेल तर जस्त. नवा ओरखडा कृपया काढू नका. तसंच, बैठक सोडून फक्त पुतळ्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून पाठवा. तयार ब्रॉंझवरून साचा घेऊन दुसरं ब्रॉंझ ओतलं की धातू निवताना आक्रसतो, दीड ते दोन टक्क्यांच्या आसपास. 30 सेंटीमीटरचा नग अर्ध्या सेंटीमीटरने बुटका भरला की आमचे कान टवकारतात. ‘साधारण फूटभर’ या मापाचा इथे काही उपयोग नाही.

संगमरवर आणि अलाबास्टर यांत तर सगळेच गोंधळतात. अलाबास्टर जिप्समचा, नखानेही चरा पडेल इतका मऊ. त्याला पाणी लावू नका; प्लास्टरलाही नको. रेझिनच्या नगाच्या पोटात हवेचे बारीक बुडबुडे फुटल्याच्या खळ्या दिसतात आणि हाताला तो दगडासारखा गार लागत नाही. रेझिनबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही, शोभेला उत्तम.

आता फेल्टबद्दल. टेबलावर चरे पडू नयेत म्हणून लोक ते चिकटवतात, हेतू चांगलाच असतो. पण त्याखाली ठसा, कारखान्याचा आकडा, जुन्या विक्रेत्याची चिठ्ठी, काहीही असू शकतं. एका ग्राहकाने तर पुतळा डुगडुगतो म्हणून बूड सँडपेपरने घासून सपाट करून आणलं आणि कौतुकाने दाखवलं. तिथे जे काही होतं ते भुशाबरोबर गेलं. डुगडुगणाऱ्या नगाला आम्ही बेताची बैठक करून देतो, तळ उघडता येईल अशी, स्क्रूची. गोंद लागत नाही आणि टेबलही वाचतं. फेल्ट आधीच चिकटवलेलं असेल तर ओढू नका, नग तसाच आणा. आम्ही गोंद भिजवून सोडवतो, आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

पॉलिशचंही तेच. ब्रॉंझवरची तपकिरी-हिरवट कळा ही घाण नव्हे. ती घासली की खाली पितळी चकाकी निघते आणि नगाची किंमत उतरते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे.

‘नुसत्या फोटोवरून फुकट अंदाज का देत नाही?’ असंही विचारतात. पूर्वी देत होतो. मग आमच्याच शब्दांवर कुणीतरी दुसऱ्याला नग विकला आणि तो घेणारा आमच्या दारात उभा राहिला. तेव्हापासून घराणं फोटोवरून सांगतो, तेही विनामूल्य. वय आणि किंमत मात्र नग हातात घेऊन, लेखी, शुल्क घेऊन. ते शुल्क पुढे आमच्याकडून बैठक किंवा दुरुस्ती करून घेतली तर त्यात वळतं करतो.

एक सवय मात्र समोरूनच कामाला येते. स्ट्रॅटफर्ड घराण्याचा रंगीत नग कुणी ‘1830 चा, मूळ रंगातला’ म्हणून दाखवला तर जरा थांबा. चर्चमधला मूळ पुतळा 1793 मध्ये पांढरा रंगवला गेला होता आणि त्याला रंग परत मिळाला 1861 मध्ये. मधल्या काळातला रंगीत नग अशक्य नाही, पण शंकेला जागा आहे. आमच्याकडे सध्या पॅरियनचे दोन आणि प्लास्टरचा एक नग विक्रीला आहे. तिघांच्याही बुडाचे फोटो आधी पाठवतो, चेहऱ्याचे मागितले तर.

फोटो पाठवताना एवढंच करा: सपाट उजेडात पाठ, दोन्ही कानांच्या मागची बाजू, बूड, आणि बुडाच्या पोकळीत टॉर्च मारून एक. ठसा पुसट असेल तर त्यावर पावडर टाकू नका. टॉर्च आडवा धरा, अक्षरांच्या सावल्या पडतात आणि वाचता येतं. चेहऱ्याचा एक फोटो असू द्या शेवटी, म्हणजे कुणाचा नग ते आम्हाला आठवेल.